खर्जाचा हिशेब

कुबेराच्या अलकापुरीचे वर्णन करताना कालिदासाने 'मेघदूता'त तेथील प्रासादांची तुलना मेघाशी केली आहे. मेघापाशी वीज, तर प्रासादांत सुंदर स्त्रिया. मेघापाशी इंद्रधनुष्य, तर प्रासादांत रंगीत चित्रे. आणि मेघाच्या खोल गर्जनेच्या तोडीला तेथे संगीतासाठी वाजणारे मृदंग. बडोद्याच्या आपल्या अलकापुरीत कुबेर मोजकेच. जुने बंगले एकामागून एक जाऊन त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि संगीतासाठी उरली ती बारा फूट रुंद नि पंधरा फूट लांब अशी बैठकीची खोली. पण मृदंगाचा तो खोल नाद आपल्याही घरात घुमावा ही हौस मात्र कायम आहे. त्या हौसेला आजच्या बाजारात नाव आहे सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठी बांधलेली स्वतंत्र ध्वनिक्षेपकाची पेटी.

पुष्कळ घरांत वडिलांच्या काळातला एखादा चांगला वर्धक, दोन लहान ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि त्यात नंतर पडलेली तबकड्यांची भर, असा संच आजही चालू स्थितीत असतो. नवी पिढी त्यालाच आपला मोबाइल जोडते. 'गाणे गोड लागते, पण अंगाने भरत नाही' अशी तक्रार अशा घरांतून ऐकू येते, आणि तिच्यामागोमाग प्रश्न येतो: सबवूफर घ्यावा का, कोणता घ्यावा आणि त्यापायी किती खर्चावे? त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. बेताच्या किमतीची लहान पेटी बहुतेक घरांना पुरते. तिचे यश निम्मे तिच्या बांधणीवर आणि निम्मे ती ठेवण्याच्या जागेवर अवलंबून असते. मात्र खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या संगीतातला खर्ज खरोखर किती खोल जातो, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच करावा.

माणसाचा कान दर सेकंदाला साधारण २० कंपनांपासून, म्हणजे २० हर्ट्झपासून, वीस हजारांपर्यंतचा नाद ऐकतो असे मानतात. पुरुष गायक काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. तो सुमारे १३९ हर्ट्झचा. त्यांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झची. सतारीची खर्जाची तारही जवळपास तेथेच लागते. गायिकेचा स्वर काळी चार किंवा पाच असेल, तर तिच्या तंबोऱ्याचा खर्ज शंभराच्या वरच राहतो. तबल्याचा डग्गा मनगटाच्या दाबाने वरखाली होत असला, तरी त्याचे राज्यही शंभराच्या आगेमागेच. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झवर, आणि मोठ्या चर्चमधील ऑर्गनची प्रचंड नळी १६ हर्ट्झपर्यंत उतरते. ज्याच्या घरी ऑर्गनच्या ध्वनिमुद्रिका नाहीत, त्याने १६ हर्ट्झसाठी पैसे का मोजावेत?

हा प्रश्न केवळ विनोदाचा नाही. तेवढ्याच जोराचा नाद एक सप्तक खाली न्यायचा, तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला पूर्वीच्या चौपट हालचाल करावी लागते. त्यासाठी मोठा पडदा हवा, मोठी पेटी हवी, दणकट वर्धक हवा, आणि ह्या तिन्हींची किंमत ग्राहकालाच भरावी लागते. चाळीसपासून खाली विसापर्यंतचे ते एक सप्तक सबवूफरच्या बाजारातील सर्वांत महागडी वस्तू आहे. चित्रपटातला भूकंप घरी अनुभवायचा असेल, तर ती जरूर घ्यावी. १९७४ साली 'अर्थक्वेक' ह्या अमेरिकन चित्रपटासाठी चित्रपटगृहांतून मुद्दाम प्रचंड खर्जपेट्या बसवल्या होत्या, आणि पडद्यावरचा गडगडाट अंगावर यावा हा मोह तेव्हापासून वाढतच गेला. ख्याल, नाट्यगीत, भावगीत आणि जुनी चित्रपटगीते हे ज्याचे धन आहे, त्याला ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारी पेटी पुरून उरते.

येथे एक शंका रास्त आहे. लहानशा ट्रान्झिस्टरला ६९ हर्ट्झचा नाद काढताच येत नाही, मग त्याच्यावरही आपल्याला तंबोरा ऐकू येतो तो कसा? प्रत्येक तार मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर काढीत असते. ते कानावर पडले की गैरहजर असलेला मूळ स्वर कान आणि मेंदू मिळून स्वतःच उभा करतात. म्हणूनच आपल्या वाडवडिलांचे आयुष्य खर्जपेटीवाचून सुखाने गेले. आपल्या तबल्याचे आणि मृदंगाचे वैशिष्ट्यही ह्याच जातीचे आहे. साध्या ढोलकाचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत. शाईच्या लेपामुळे आपल्या वाद्यांत ते सुरेल जुळून येतात. हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये शास्त्रीय प्रबंधांतून मांडले. मग सबवूफर देतो ते काय? स्वर तर पूर्वीही ऐकू येत होता. सबवूफर त्याला अंग देतो. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा आकार, डग्ग्याच्या घुमाऱ्यातली ऊब, मैफलीच्या दिवाणखान्याची खोली ह्या गोष्टी त्याने जाणवतात. ही भर मोलाची आहे, परंतु भर आहे, पाया नव्हे. म्हणून मूळचे दोन ध्वनिक्षेपक सामान्य असतील, तर शिल्लक पैसा आधी त्यांच्यावर खर्चावा. सबवूफर त्यांच्यापेक्षा महाग पडू लागला, तर हिशेब कुठेतरी चुकला असे समजावे.

आपल्या संग्रहात काय आहे, हेही तपासावे. १९२५ पूर्वीची मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन, विजेच्या मदतीवाचून होत असत. त्यांत तळाचा नाद उतरतच नसे. बडोद्याच्या दरबारात काही काळ राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५च्या सुमाराची मुद्रणे त्या काळातली आणि १९३०नंतरची विद्युत्‌मुद्रणाच्या काळातली. दोन्ही लागोपाठ ऐकली, तर तंत्राने केलेला बदल कोणालाही कळेल. पहिल्या प्रकारच्या मुद्रणाला सबवूफर जोडला, तर त्यातून संगीत वाढत नाही. वाढते ती फक्त घरघर. फैयाज खाँसाहेबांच्या भरदार आवाजाच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांनाही विजेचा लाभ झालेला आहे, तरी आजच्या मुद्रणाची खोली त्यांच्याकडून मागू नये. अशी गाणी लावताना खर्जपेटी सरळ बंद ठेवावी. याउलट झिया मोहिउद्दीन डागर यांच्या रुद्रवीणेचे चांगले मुद्रण लावून पाहावे. मंद्रातला तो संथ आलाप ऐकला की पेटीवर खर्च केलेला पैसा कोठे गेला, हे सांगावे लागत नाही.

आता बाजारात जाऊ. पहिला सापळा म्हणजे पी.एम.पी.ओ. नावाचा आकडा. खोक्यावर हजारो वॉट छापलेले असतात, पण तो आकडा मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. तो कल्पनेच्या जोरावर हवा तेवढा फुगवता येतो. आपण आर.एम.एस., म्हणजे सतत देता येणारी शक्ती, एवढेच विचारावे आणि विक्रेत्याला तो आकडा सांगता आला नाही, तर नमस्कार करून बाहेर पडावे. वर सांगितलेल्या खोलीला असे पन्नास ते शंभर वॉट पुष्कळ झाले. शक्ती दुप्पट केली की नाद केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून पन्नासाऐवजी साठ वॉटसाठी जास्त पैसे देणे म्हणजे ताकात पाणी घालून ते दुधाच्या भावाने घेणे होय.

दुसरी गोष्ट पडद्याची. आठ इंची पडद्यापेक्षा दहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक असते. किमतीत फरक थोडा असेल, तर दहा इंची घ्यावा. जागा अगदीच अपुरी असेल, तर चांगल्या बांधणीचा आठ इंचीही लाजवणार नाही. पेट्या दोन जातींच्या असतात. एक बंद पेटी, तर दुसरीला हवा खेळण्यासाठी भोक किंवा नळी असते. नळीची पेटी तेवढ्याच पैशांत अधिक जोर देते, पण तिच्या ठरीव नादाखाली ती एकदम कोसळते. बंद पेटी हळूहळू उतरते, आणि लहान खोली स्वतःच खालचा नाद उचलून धरीत असल्यामुळे घरात ती अपेक्षेपेक्षा खोल वाटते. नळीची पेटी वाईट नव्हे; मात्र स्वस्त बांधणीत तिला एकच स्वर आळवण्याची खोड लागते.

ही खोड ओळखण्याची परीक्षा आपल्याच संगीतात आहे. दुकानात जाताना तबल्याच्या एकलवादनाचे परिचित मुद्रण बरोबर न्यावे आणि डग्ग्याच्या मींडेकडे कान द्यावा. घुमारा खालून वर सरकताना त्याची प्रत्येक पायरी निराळी ऐकू आली, तर पेटी प्रामाणिक. प्रत्येक आघाताला तोच एक 'धम्म' उमटला, तर तो डग्गा नव्हे, लाकडाचे खोके बोलते आहे. विक्रेता स्वतःची तबकडी लावून काच हादरवून दाखवील. तिने भारून जाऊ नये.

तिसरी गोष्ट जोडणीची, आणि जुना संच असलेल्या घरांनी ती मुळीच विसरू नये. जुन्या वर्धकाला सबवूफरसाठी वेगळे निर्गमद्वार क्वचितच असते. तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या तारा थेट घेण्याची सोय असलेली, आणि स्वतःचा वर्धक पोटात बाळगणारी पेटी पाहावी. पाठीमागे निदान तीन नियंत्रणे असावीत: आवाजाचे, कोणत्या कंपनसंख्येखाली पेटीने काम करावे हे ठरवणारे, आणि कला उलटी करणारी कळ. आपल्या लहान ध्वनिक्षेपकांचा आवाज जेथे संपतो, बहुधा साठ ते ऐंशी हर्ट्झच्या दरम्यान, तेथे दुसरे नियंत्रण ठेवावे. ऐंशीखालील नाद कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट सांगता येत नाही, म्हणून दोन ध्वनिक्षेपकांच्या संचालाही एकच खर्जपेटी चालते. कला उलटीसुलटी करून पाहावी, आणि ज्या बाजूला गायकाचा आवाज नि डग्गा अधिक भरीव लागतो, तेथे कळ सोडून द्यावी.

चौथी गोष्ट गुणगुणण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ५० हर्ट्झ हे सबवूफरचे अगदी माहेरघर. संचाच्या निरनिराळ्या उपकरणांचे भूजोड जुळले नाहीत, किंवा केबल टीव्हीची तार मध्येच जोडलेली असली, की पेटीतून अखंड भ्रमरगुंजन सुरू होते. घरी आणल्याबरोबर गाणे न लावता नुसती पेटी चालू करून दहा मिनिटे ऐकावे. सर्व उपकरणे एकाच फळीवर घेतल्याने बहुधा दोष जातो. भूजोडाची तार कापण्याचा 'उपाय' कोणी सुचवला, तर तो मुळीच करू नये. जीव त्या गुणगुणण्याहून महाग आहे. ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. तबकडी किंचित वाकडी असली, की ऐकूही न येणाऱ्या मंद कंपनांनी खर्जपेटीचा पडदा कापडासारखा फडफडू लागतो. वर्धकावर ह्या कंपनांना अडवणारी कळ असेल, तर ती अवश्य चालू ठेवावी. जुनी पेटी विकत घेणाऱ्याने पडद्याची कड बोटाने चाचपावी. फेसाच्या मऊ पदार्थाची कड दहा-पंधरा वर्षांत कुजून भुगा होते, रबराची अधिक टिकते. पडदा सर्व बाजूंनी सारखा, हलक्या हाताने दाबल्यास खरखर ऐकू येऊ नये.

एवढे करूनही पेटी कोठे ठेवावी हा मोठा प्रश्न राहतोच, आणि तो सोडवायला पैसा लागत नाही. ४० हर्ट्झची लाट सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते. पंधरा फुटांच्या खोलीत तिचे अर्धेच अंग मावते. त्यामुळे खोलीत काही जागी खर्ज साचतो, काही जागी नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवल्यास आवाज पुष्कळ वाढतो, परंतु तो बहुधा गढूळही होतो. उत्तम उपाय थोडा हास्यास्पद आहे. आपण ज्या खुर्चीत बसून ऐकतो, तेथे पेटी ठेवावी, गाणे लावावे आणि घरच्या कर्त्या पुरुषाने किंवा बाईने भिंतींच्या कडेकडेने रांगत जाऊन ऐकावे. जेथे डग्गा सर्वांत स्वच्छ लागेल, तेथे पेटीची जागा. नातवंडे हसतील, पण ही रीत जगभरचे जाणकार वापरतात आणि तिला कारणही आहे: ऐकणारा आणि वाजणारा यांच्या जागा बदलल्या, तरी खर्जाचा हिशेब तोच राहतो.

आता शेजारधर्माविषयी. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड होत्या. सदनिकांत वरच्याचे छत आणि खालच्याची जमीन ही एकच लादी असते. अलकापुरीत गरनाळ्यावरून मालगाडी जाते, तेव्हा डब्यांची खडखड हवेत विरते आणि घरापर्यंत पोहोचतो तो केवळ खालचा घरघराट. भिंतीपलीकडच्या माणसाच्या वाट्याला आपल्या मैफलीतले हेच येते: गाणे नाही, नुसता धमधमाट. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ज्या मापाने ती मोजतात, ते ५० हर्ट्झच्या नादातून सुमारे ३० डेसिबल वजा धरते. म्हणजे यंत्राचा काटा निरपराध ठरवील आणि शेजारच्या हृद्रोग्याची झोप तरीही उडेल. नवरात्रात मैदानांवरून गरब्याचा दणका शहरभर घुमतो, तो नऊ रात्रींचा उत्सव म्हणून सोसला जातो. घरातल्या खर्जपेटीला तो परवाना नाही. पेटीखाली रबराच्या जाड चकत्या घालाव्या, तिला लादीपासून सोडवावे, आणि पहिल्याच दिवशी खालच्या बिऱ्हाडाला जाऊन स्वतः विचारावे, 'आमचा आवाज पोहोचतो का?' ह्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत आणि पुढचे भांडण वाचते.

घरातल्या वृद्धांचाही विचार व्हावा. वयोमानाने कान आधी वरच्या पट्टीत कमी होतो; स, श, त, फ ही अक्षरे निसटू लागतात, पण डग्गा मात्र स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी खर्ज वाढवला की तो शब्दांवर पांघरूण घालतो. आजोबा बातम्यांच्या किंवा नाटकाच्या वेळी 'आवाज वाढवा' म्हणतात, तेव्हा त्यांना शब्द हवे असतात. त्या वेळी खर्जपेटी बंदच असावी. उलट, गाणे हळू लावले असता खर्जपेटी उपकारक ठरते. आवाज लहान केला की माणसाचा कान खालचे स्वर अधिकच कमी ऐकतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून रात्री हळू लावलेले गाणे पोकळ वाटते. मोजून लावलेली खर्जपेटी ती पोकळी भरते आणि कोणालाही न उठवता मैफल रंगते. ही वस्तू घ्यायचीच, तर ह्या कारणासाठी घ्यावी.

एकदा पेटी जागेवर बसली, की तिचा आवाज वाढवत न्यावा, आणि ती वेगळी ऐकू येऊ लागली की तेथून थोडा कमी करून सोडून द्यावा. पंधरा दिवस तसाच राहू द्यावा. मग एका संध्याकाळी आवडीचे गाणे चालू असताना, घरच्यांना न सांगता पेटीची कळ बंद करावी. 'गाण्याला आज काय झाले?' असे कोणी विचारले, तर खरेदी सार्थकी लागली. कोणाच्याच काही लक्षात आले नाही, तर ती खुशाल परत करावी आणि त्या पैशांतून एखादी चांगली मैफल समोर बसून ऐकावी.